आजोबांचा जुना भाग-दाखला आणि तालुक्याच्या गावातली बँक

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या ट्रंकेत गावच्या सहकारी बँकेचा दहा रुपयांचा भाग-दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, सापडला. एवढ्याशा गावात बँक काढली कोणी, आणि त्या कागदाला आज काही किंमत आहे का? मी तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी अशाच बँकेत कारकून म्हणून लागलो आणि शाखाधिकारी होऊन निवृत्त झालो. कागदाचं शेवटी सांगतो, आधी बँकेचं.

1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो मुख्यतः शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवायला. 1912 च्या कायद्याने गावच्या सोसायट्यांना पैसा पुरवणाऱ्या मध्यवर्ती बँकांची वाट मोकळी झाली. म्हणजे शेतकऱ्याला सोसायटी मिळाली. गिरण्या आणि जिनिंगवाल्यांना मुंबईच्या बँका ओळखत होत्या. मधे जो उरला, तो किराणा दुकानदार, शिंपी, सोनार, शाळामास्तर, आडत्याकडचा दिवाणजी, यांना दारात कोण उभं करणार? त्यात 1929 नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले. खान्देशात कापूस पडला की पेठेतली सगळी उधारी थकते, हे आजही तसंच आहे. या मधल्या लोकांनी आपसात भांडवल जमवून ज्या बँका काढल्या, त्यातली जळगाव पीपल्स 1933 ची. जळगाव जनता बरीच अलीकडची, 1979 ची. तालुक्याच्या गावांतही अर्बन, पीपल्स, मर्चंट्स अशा पाट्या लागत गेल्या.

भांडवल जमायचं ते दारोदार फिरून. प्रवर्तक म्हणजे गावचे वकील, डॉक्टर, व्यापारी. शंभर भाग घेतले तरी मत एकच, आणि लाभांशालाही कायद्याने कमाल मर्यादा, आजच्या महाराष्ट्राच्या कायद्यात 15 टक्के. त्यामुळे कमाईसाठी कोणी फारसं येत नसे. पण तुमच्या आजोबांनी निव्वळ गावच्या प्रेमापोटी भाग घेतला असंही समजू नका. कर्ज हवं तर सभासद व्हावं लागायचं, आणि कर्जाच्या प्रमाणात भागही घ्यावे लागायचे. आमच्याकडे पुष्कळांचा पहिला भाग कर्जाच्या रकमेतूनच कापून घेतलेला असे!

कर्ज समिती संध्याकाळी, दुकानं बंद झाल्यावर बसायची. अर्ज वाचून झाला की ताळेबंदाआधी प्रश्न यायचा, "जामीन कोन शे?", म्हणजे जामीन कोण आहे? नाव सांगितलं की कोणीतरी मान हलवायचं किंवा कोणीतरी खिडकीबाहेर बघायचं. खिडकीबाहेर बघितलं की समजायचं, अर्ज गेला. माझ्या मते या बँकांचं खरं भांडवल हीच माहिती होती. कोणाचा मुलगा हाताबाहेर गेलाय, कोणाच्या गोडाऊनमधला माल खरं तर दुसऱ्याचाच आहे, हे कुठल्याही फॉर्मवर येत नाही.

सोनेतारण मात्र बिनबोभाट चालायचं. जूनमध्ये बियाणं-खताच्या वेळी पाटल्या, पोती, एकदाणी घेऊन माणसं यायची. सराफ कसोटीवर घासून, वजन करून चिठ्ठी द्यायचा आणि दागिना कापडी पिशवीत लाखेचा ठसा लावून तिजोरीत जायचा. कापूस विकून पैसा आला, की सोडवायची घाई आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी. लेकी माहेरी यायच्या असतात ना. त्या आठवड्यात आमच्या कॅशियरला जेवायला उसंत नसायची.

1 मार्च 1966 पासून बँकिंगपुरती सूत्रं रिझर्व्ह बँकेकडे गेली. निवडणुका, सभा वगैरे राज्याच्या सहकार खात्याच्या निबंधकांकडेच राहिल्या. दोन मालक, आणि चूक झाली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवणार. 1971 पासून सहकारी बँकांच्या ठेवींनाही विमा लागू झाला. 1993 ला त्याची मर्यादा एक लाख झाली आणि 2020 ला पाच लाख.

पडझडीचं खापर लोक संगणकावर नाहीतर राजकारणावर फोडतात. राजकारण होतंच. पण मी जवळून पाहिलं ते असं : हा त्याला जामीन, तो ह्याला जामीन. दोघांची दुकानं एकाच कापसावर चालणारी. कर्ज पाच-दहा हजारांचं होतं तोवर एकाचं दुसरा भरायचा, गावात तोंड दाखवायचं असायचं. पुढे कर्जं लाखांची झाली, जिल्ह्याबाहेरच्या बांधकामांना गेली. तिथल्या माणसाबद्दल समितीत खिडकीबाहेर बघणारंच कोणी नव्हतं. 2001 मध्ये अहमदाबादची माधवपुरा बँक बुडाली तेव्हा इथेही ठेवीदार चौकशीला आले. त्याहून मोठा हादरा 2007 नंतरचा, जळगाव जिल्ह्यातल्या पतसंस्था अडचणीत आल्या तेव्हाचा. पतसंस्था वेगळी, तिला हा ठेव विमा नाही, तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही, हे काउंटरवर सांगून घसा बसला. पण रांगेतल्या माणसाला फरक पटत नव्हता, आणि त्याचं चुकतही नव्हतं. दोन्हीकडे बरेचदा तीच मंडळी बसलेली.

आता तुमचा कागद. बँक चालू असेल तर आजोबांचा मृत्यूचा दाखला, वारस म्हणून तुमची कागदपत्रं आणि मूळ भाग-दाखला घेऊन मुख्य कार्यालयात जा. आधी नामनिर्देशन कोणाचं आहे ते सभासद नोंदवहीत पाहायला सांगा. भाग वारसाच्या नावावर होतात. पैसेच परत हवे असतील तर बँकेची भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या कर्जांच्या मानाने बँकेचं स्वतःचं भांडवल) किमान 9 टक्के असल्यास मृत सभासदाच्या वारसाला भाग-रक्कम देता येते. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर विलीनीकरणाच्या योजनेत भागधारकांचं काय ठरलं ते विचारा, कधीकधी हाती शून्य येतं. ठेवीसारखा भागाला विमा नसतो. आणि हो, ट्रंक नीट शोधा, पासबुक किंवा मुदत ठेवीची पावती सापडते का ते. दहा वर्षं दावा न झालेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी वारसाला ती आपल्या बँकेमार्फत मागता येते. दहा रुपयांच्या भागापेक्षा त्यात जास्त निघण्याची शक्यता आहे.