बारा तुकड्यांचा शब्द

प्रश्न : आईच्या पर्च्यावर डॉक्टरांनी इसॉफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनॉस्कोपी लिहून दिलंय, काउंटरवर वाचून सांगताना मी गॅस्ट्रोपाशीच अडकले. हा शब्द नेमका कुठे तोडायचा? – एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, अडकलात यात तुमची काही चूक नाही, हा शब्द एका दमात वाचायचाच नसतो. आधी अर्थाने तोडा. इसॉफॅगो म्हणजे अन्ननलिका, गॅस्ट्रो म्हणजे जठर, ड्युओडेनो म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि स्कोपी म्हणजे बघणं, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी ज्या वाटेने खाली जाते तीच वाट त्याच क्रमाने शब्दात आहे, आपल्या सामासिक शब्दांसारखंच झालं की हे.

आता उच्चार. ई-सॉ-फ-गो, गॅस्-ट्रो, ड्यू-ओ-डे-नॉस्-क-पी. मोजा, बरोब्बर 12 तुकडे होतात. आपण मराठी माणसं सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो पण इथे खरा जोर नॉस् वर येतो, तो तिथे दिला की पुढचं क-पी आपोआप हलकं पडतं. डे आणि नॉस् च्या मध्ये मात्र थांबू नका.

आणि गंमत बघा, ड्युओडेनम हे नावच लॅटिनमधल्या बारा या आकड्यावरून आलंय, कारण तो भाग साधारण बारा बोटं रुंदीएवढा लांब मानला जायचा! मला हे फार आवडतं.

काउंटरवर घाई असेल तर सरळ ईजीडी म्हणा, किंवा अप्पर जीआय एंडोस्कोपी. तपासणी तीच.