"जुनी गाडी आहे, आवाज येणारच" म्हणून सोडून द्यायचं का?

तुम्ही लिहिलंय की दहा वर्षं वापरलेली गाडी घेतली, ६० च्या पुढे गेलं की घुमल्यासारखा आवाज येतो, खड्ड्यात मागे अधूनमधून काहीतरी आदळतं, आणि घरचे काय, मेकॅनिक काय, सगळे म्हणतात, "जुनी गाडी आहे, आवाज येणारच." तर दुर्लक्ष करावं की गाडी काढून टाकावी?

दुर्लक्ष करू नका. ते "येणारच" मी आठ महिने ऐकलंय, म्हणून एवढं लांब लिहायला बसले. गाडीचं वय वाजत नसतं. काहीतरी सैल झालेलं असतं, झिजलेलं असतं, कोरडं पडलेलं असतं, नाहीतर जिथे लागू नये तिथे लागत असतं. "येणारच" म्हणणाऱ्या माणसाने शोधलेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

घुमण्याचं आधी सांगून टाकते. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ६० च्या वेगाला क्लच दाबा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडा. इंजिन खाली आलं तरी घुमणं तसंच राहिलं, तर त्याचा इंजिनशी संबंध नाही, ते बहुतेक चाकांकडून येतंय. मग त्याच वेगात गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवून बघा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून उजवीकडे घेतल्यावर आवाज वाढला तर संशय डाव्या बाजूच्या व्हील बेअरिंगवर (चाक ज्यावर फिरतं ते), आणि उलट असेल तर उलट. झुलवून काहीच फरक पडत नाही, पण रस्ता बदलला की आवाज बदलतो, असं असेल तर टायर. टायरच्या नक्षीवरून तळवा आधी पुढे आणि मग मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर टायर वेडावाकडा झिजलाय. तरी खात्री नसेल तर पुढची चाकं मागे टाकून बघा, आवाजही मागे गेला तर प्रश्न मिटला. हे न बघता बेअरिंग बदलून घेऊ नका. बेअरिंग नवं आणि घुमणं जुनंच, असं फार लोकांचं होतं.

आता मागच्या आदळण्याबद्दल. माझं दुखणं तिथलंच आहे.

माझी गाडी माझ्या दादाची. त्याने सात वर्षं वापरली, नवी घेतली आणि ही मला दिली. पहिल्याच आठवड्यात आई-बाबांना मागे बसवून निघाले आणि एका स्पीडब्रेकरवरून उतरताना मागून 'धप्प' झालं. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं खणखणीत नाही. वरच्या मजल्यावर कुणी भरलेलं पोतं टाकावं, तसं दबकं. आई म्हणाली, "अगं, माझ्या बैठकीखालीच काहीतरी आपटलं." घरी येऊन मी दादाला फोन केला आणि पहिलंच वाक्य बोलले, "मागून आवाज येतो हे तू मला सांगितलं नाहीस."

तो तापला. "सात वर्षांत एकदाही आवाज आलेला नाही. आवाज नाहीच आहे. तू ब्रेकरवरून गाडी आदळतेस." मी ब्रेकरवरून १५ च्या वेगाने उतरते, तेव्हाही आणि आताही.

मग गॅरेजच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या मेकॅनिकने मला शेजारी बसवून गाडी फिरवली, चार ब्रेकर घेतले, काही वाजलं नाही. तरी मागचा एक शॉकअप तेलाने ओला दिसत होता म्हणून जोडी बदलली. त्यात त्याची चूक नव्हती, शॉकअप गेलेलाच होता. पण पुढच्या रविवारी धप्प होतंच. मग मागच्या अ‍ॅक्सलचे, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे, बुश बदलले. धप्प होतंच. डिक्की रिकामी केली, जॅक, पाना, स्टेपनी सगळं बाहेर काढून फिरवली (हे खरं तर सगळ्यात आधी करायचं, फुकटचं आहे, तुम्ही आजच करा). तरीही होतंच. दुसऱ्या गॅरेजने गाडी लिफ्टवर घेऊन टॉमी (लोखंडी पहार) घालून प्रत्येक सांधा हलवून पाहिला. एकही सैल निघाला नाही. तिथे मला ते ठरलेलं वाक्य मिळालं, "ताई, जुनी गाडी आहे, आवाज येणारच."

दादाला हे कळलं तेव्हा घरात सगळे जमलेले होते. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "हिला भास होतात." मी काही बोलले नाही, पण ते लागलं. आई तेवढं म्हणाली, "मला तर बाई दर वेळी ऐकू येतं." ती काय सांगून गेली ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या रात्रीपासून मी गाडीत एक वही ठेवली. वेग किती, रस्ता कसा, ब्रेक दाबलेला होता का, इंजिन थंड की गरम, पेट्रोल किती. शेवटी कुठे निघाले होते तेही लिहायचे, निव्वळ सवयीने. महिनाभराने पानं उलटली. वेगाचा मेळ नाही, पेट्रोलचा नाही, थंड-गरमचा नाही. पण जिथे जिथे 'धप्प' लिहिलं होतं, तिथे शेवटी 'आई-बाबांना दवाखान्यात' नाहीतर 'आई-बाबांना मावशीकडे' होतं. जिथे 'एकटी' होतं, तिथे एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम करून पाहिलं. दोघांना घेऊन गेले, ब्रेकरवर धप्प. त्यांना उतरवून त्याच ब्रेकरवरून त्याच वेगाने परत आले, गाडी गप्प.

तशीच गॅरेजला गेले आणि म्हटलं, लिफ्टवर नको, गाडीखाली उतरून बघायचा तुमचा खड्डा आहे त्यावर घ्या, आणि तुमची दोन पोरं मागे बसवा. मेकॅनिक कुरकुरला. दोन खांबी लिफ्ट गाडीची बॉडी उचलते, चाकं खाली लोंबतात, आणि त्यांच्याबरोबर मागचा अ‍ॅक्सलही बॉडीपासून लांब जातो. म्हणजे भार आल्यावर जे एकमेकांना भिडतं, ते लिफ्टवर एकमेकांपासून दूर झालेलं असतं. तिथे ते दिसणार कसं? चाकं जमिनीवर टेकलेली आणि गाडी भरलेली असतानाच बघायला हवं होतं.

पोरं बसली. मी स्वतः टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरले. सायलेन्सरचा पाइप मागच्या अ‍ॅक्सलच्या वरून वळून मागे जातो. त्या दोघांच्यात माझी करंगळी जाईना. पाइप सगळा तपकिरी, गंजाचे पापुद्रे धरलेला, आणि त्यावर अंगठ्याच्या नखाएवढी एकच जागा नव्या नाण्यासारखी चकाकत होती. बरोबर तिच्याखाली अ‍ॅक्सलचा काळा रंग तेवढाच उडालेला. पाइप ज्या रबरावर टांगलेला असतो, ते रबर ओढून ओढून लांबुळकं झालेलं, कडेला चिरा पडलेल्या. पाइप खाली आला होता. मागे कुणी बसलं की बॉडी आणखी खाली यायची, ब्रेकरवर अ‍ॅक्सल वर उसळायचा आणि पाइपला धडकायचा. नवं रबर लावायला दहा मिनिटं लागली. शॉकअप, बुश आणि हे रबर, यात सगळ्यात स्वस्त रबरच. धप्प त्या दिवशी गेलं ते गेलं.

दादा सात वर्षं एकटा ऑफिसला जायचा-यायचा. मागची सीट रिकामी. त्याला खरंच कधी ऐकू आलं नसणार. त्याने काही लपवलं नव्हतं, आणि फोनवरच्या त्या पहिल्या वाक्याबद्दल मी त्याची माफी मागितली आहे. पण "मला ऐकू आला नाही" आणि "आवाज नाहीच" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे त्याने आजवर मान्य केलेलं नाही. पहिलं म्हणाला असता तर मी त्याच दिवशी विचारलं असतं की तू गाडी कशी वापरायचास. दुसरं म्हणाला, म्हणून मी आठ महिने स्वतःच्या कानांवर शंका घेतली. तुमच्या घरचे आत्ता तुम्हाला तेच करायला लावताहेत.

म्हणून माझं मत ठाम आहे. आवाज कसा येतो हे सांगण्यात वेळ घालवू नका, केव्हा येतो ते सांगा. माझी खटखट तुमची टकटक असते, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवण्यानेही फार काही साधत नाही, दबके आवाज त्यात नीट येतच नाहीत. 'केव्हा'वरून मात्र माग लागतो. गिअर न्यूट्रलमध्ये, क्लच दाबला की आवाज सुरू होतो, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. उलट क्लच सोडलेला असताना येतो आणि दाबला की थांबतो, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग, आणि ते मोठं काम. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना कट्‌कट्‌कट्‌, तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा जॉइंट. त्याचा रबरी बूट फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. गाडी जागेवर उभी, नुसतं स्टिअरिंग फिरवलं की बॉनेटखाली टणकन, तर पुढच्या शॉकअपचं वरचं माउंटिंग. छोट्या छोट्या खड्ड्यांत पुढे खडखड आणि मोठ्या खड्ड्यात गप्प, तर आधी स्टॅबिलायझरचे लिंक रॉड बघायला सांगा. सकाळी सुरू करताना किंवा पावसात चीत्कार, तर बेल्ट. थंड इंजिनला टिकटिक आणि गरम झाल्यावर बंद, तर एग्झॉस्टच्या सांध्यातून हवा निसटत असू शकते, धातू तापून फुगला की फट बुजते. एसी लावला की येतो, बंद केला की जातो, हे तर आवाजाने पत्ताच दिल्यासारखं आहे.

ठोका चाकाचा की इंजिनचा हे कळत नसेल तर गाडी १० च्या वेगाला आणा. त्या वेगाला साधारण गाडीचं चाक सेकंदाला दीड वेळा फिरतं, म्हणजे ठोके सहज मोजता येतात. इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालतानाही सेकंदाला बारा-तेरा फेरे घेतं. मोजता येणारा ठोका इंजिनचा नाही.

गाडीत न बसताच पार्टचं नाव सांगणारा मेकॅनिक बदला. आवाज आला की गाणी मोठ्याने लावणारा माणूस घरात असेल, तर त्याला गाडीची किल्ली देऊ नका.

एक गोष्ट खरं तर आधी लिहायला हवी होती. काही आवाजांत वही-बिही ठेवत बसायचं नसतं. इंजिनमधून खोल, जड ठोका येतोय आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाढतोय, तर गाडी तिथेच बंद करा, डिपस्टिक काढून ऑइल बघा आणि टो करून न्या. ब्रेक दाबल्यावर लोखंड घासल्याचा आवाज, तर चालवू नका. चाक नुकतंच काढून बसवलं असेल आणि तिकडून ठकठक येत असेल, तर थांबून आधी नट आवळा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, मी खड्ड्यात उतरले तेव्हा चारही चाकं जमिनीवर होती.

आणि हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की सगळेच आवाज दुखण्याचे नसतात. इंजिन बंद केल्यावर खालून टिक्‌, टिक्‌ येतं, तो गरम पाइप निवत असल्याचा आवाज, नव्या गाडीतही येतो. ठराविक आरपीएमला पत्रा थरथरतो, ते बहुतेक वेळा सायलेन्सरवरचं हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पातळ पत्रा असतो, आवळलं की गेलं.

गाडी काढावी की ठेवावी, ते मी ठरवू शकत नाही. पण आवाज कशाचा ते कळायच्या आत काढू नका. ज्याच्याकडून घेतलीत त्याचा नंबर असेल तर फोन करा, आणि माझ्यासारखा आळ घेऊन सुरुवात करू नका. एवढंच विचारा की मागे कुणी बसायचं का, आणि बसायचं तर किती जण.

आधी डिक्की रिकामी करून फिरवा, मग मागे दोन माणसं बसवून त्याच खड्ड्यातून न्या. आणि वळणावर घुमणं कोणत्या बाजूला वाढतं ते इथे लिहा, मी बघत राहीन.