उन्हाळ्यातलं क्रेडिट स्वस्त कधी पडतं?

प्रश्न : अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष संपतंय, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहे. १२० पैकी ६२ क्रेडिट झाली. उन्हाळ्यात डिफरन्शियल इक्वेशन्स (४ क्रेडिट) आणि इतिहास (३ क्रेडिट) घ्यायचा विचार आहे. आमच्याकडे समरला क्रेडिटमागे १,१०० डॉलर, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात ३९०. एरवी सेमिस्टरची फी १६,५०० डॉलर, राहण्याखाण्याचे ६,५०० वेगळे. थोडं शिक्षणकर्ज आहे, बाकी बाबा पाठवतात. क्लास करू की कोल्हापूरला येऊ? हो, १२ ते १८ क्रेडिटपर्यंत सेमिस्टरची फी एकच असते.

उत्तर : जाता जाता लिहिलेल्या त्या शेवटच्या ओळीवरच सगळा हिशेब फिरतो. फी ठोक आहे, म्हणजे फॉलमध्ये (ऑगस्ट ते डिसेंबरच्या सेमिस्टरमध्ये) १५ च्या जागी १८ क्रेडिट घेतलीस तर इतिहास फुकट पडतो. तोच उन्हाळ्यात तुमच्याकडे ३,३०० डॉलरचा. उन्हाळ्यात सात क्रेडिट उरकून फॉल हलका केलास तरी फीमध्ये एक डॉलर कमी होत नाही, आणि एफ-१ वर शेवटचं सेमिस्टर सोडलं तर बाराच्या खाली सहसा जाताही येत नाही. तेव्हा उन्हाळ्यातले पैसे वसूल व्हायचा मार्ग एकच : अख्खं एक सेमिस्टर वाचणं.

ते वाचेल का? उरली ५८. तीन सेमिस्टर १६-१६ ची केलीस तर ४८, उरलेली १० दोन उन्हाळ्यांत : यंदा ७, पुढच्या वर्षी ३. असं जमलं तर पदवी मे ऐवजी आदल्या डिसेंबरात आणि २३,००० डॉलरची बचत. ही दहा क्रेडिट कम्युनिटी कॉलेजात ३,९०० डॉलरना, तुमच्याकडे ११,००० ना. डॉलर ९० रुपये धरला तर निव्वळ फायदा पहिल्या वाटेनं सुमारे १७ लाख, दुसऱ्या वाटेनं पावणेअकरा. सेमिस्टर वाचलं नाही, तर हेच साडेतीन किंवा जवळजवळ दहा लाख खर्चाच्या खात्यात.

खोडा घालतो तो बहुतेक वेळा कॅपस्टोन प्रोजेक्ट, म्हणजे शेवटच्या वर्षाचा मोठा प्रकल्प. पुष्कळ ठिकाणी तो फॉलला सुरू होऊन स्प्रिंगला (जानेवारी ते मे) संपतो. मधून धरता येत नाही. तुमच्याकडे तसं असेल तर क्रेडिट कितीही साठव, डिसेंबर विसर. काही मुख्य विषयही वर्षातून एकदाच असतात. तिन्ही सेमिस्टरचे विषय कागदावर मांडून अॅडव्हायझरकडून ई-मेलवर होकार घे, तोंडी नको.

डिसेंबर जमत नसेल तर इतिहास सोडून दे. डिफरन्शियल इक्वेशन्स अडल्यामुळे फॉलचे पुढचे विषय अडत असतील तर तेवढा एकच घे, तोही कम्युनिटी कॉलेजात. काहीच अडत नसेल तर खुशाल घरी ये.

कम्युनिटी कॉलेजात फी भरण्याआधी तो कोर्स तुमच्या विद्यापीठाला कोणत्या कोर्सच्या बदल्यात चालेल, हे लेखी घे. साधारणपणे सी किंवा वरचा ग्रेड लागतो. क्रेडिट येतं, ग्रेड सहसा जीपीएत धरत नाहीत. कॉलेज क्वार्टर पद्धतीचं (सेमिस्टरऐवजी छोट्या टर्मचं) असेल तर जपून : तिथली ५ क्रेडिट म्हणजे तुमची ३.३३. तुला हवीत ४. पाऊण क्रेडिटही नाही, पण तेवढ्यासाठी डिग्री ऑडिट (पदवीच्या अटी पुऱ्या झाल्या का ते दाखवणारी यादी) लाल दिसतं आणि शेवटच्या सेमिस्टरला धावपळ होते.

वेळेचाही हिशेब कर. चार क्रेडिटचे साठेक तास आठ आठवड्यांत बसवायचे म्हणजे आठवड्याला साडेसात तास वर्ग, त्याच्या दुप्पट घरचा अभ्यास. दोन्ही विषय मिळून आठवड्याला ३९ तास. सुट्टीत कॅम्पसवर वीस तासांहून जास्त काम करता येतं, म्हणून दोन्ही विषय आणि पूर्णवेळ काम असं करायला गेलीस तर आधी डिफरन्शियलचा ग्रेड जाईल. आणि तो सीच्या खाली गेला की फीही गेली. पुढचा उन्हाळा इंटर्नशिपला ठेव, तीन क्रेडिट ऑनलाइन होतील.

पैसे पाठवताना : बँक सहसा कर्जाची रक्कम मंजुरीपत्रातल्या विद्यापीठालाच देते, म्हणून कम्युनिटी कॉलेजची फी बाबांच्या खिशातूनच जाईल असं धर. एका आर्थिक वर्षात एका पॅनवरून दहा लाखांपुढे स्वतःचे पैसे पाठवले की वरच्या रकमेवर टीसीएस (बँक आगाऊ कापून घेते तो कर) कापला जातो. समर, फॉल आणि जानेवारीची फी, तिन्ही एकाच आर्थिक वर्षात येतात, हे बाबांच्या लक्षात आणून दे. आईच्या खात्यात तिचे स्वतःचे पैसे असतील तर तिची दहा लाखांची मर्यादा वेगळी. कापलेला टीसीएस रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर अडकून राहतो.

आठ आठवड्यांच्या टर्ममध्ये पूर्ण परताव्याची मुदत अवघी काही दिवसांची असते. ती तारीख आणि अॅडव्हायझरचं उत्तर हाती आल्याशिवाय ना फी भर, ना तिकीट काढ.