घरात वटवाघूळ शिरलं तर रेबीजचं इंजेक्शन घ्यावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये सकाळी पडद्यामागे वटवाघूळ लटकलेलं दिसलं, रात्री तुम्ही दोघं आणि चार वर्षांचा मुलगा त्याच खोलीत झोपला होतात, आणि आता परदेशातली माहिती वाचून जिवाला घोर लागलाय. वटवाघूळ खोलीत नुसतं फिरलं म्हणून रेबीज होत नाही. ते चावावं लागतं, ओरखडावं लागतं, नाहीतर त्याची लाळ उघड्या जखमेत, डोळ्यात किंवा तोंडात जावी लागते. मुलाची गोष्ट वेगळी आहे, ती खाली लिहिते.

मी निवृत्त स्टाफ नर्स आहे. महापालिकेच्या रुग्णालयात इंजेक्शन रूमला बरीच वर्षं काढली, एआरव्हीची, म्हणजे रेबीजच्या लसीची, रांग रोज बघितली. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात वाद झाला होता आणि तो माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आम्ही ठाण्यात पोखरण रोडला राहतो, मागे येऊरचा डोंगर. पावसाळ्यात कंपाउंडमधल्या अशोकांना फळं धरली की रात्रभर वटवाघळांची ये-जा असते, सकाळी गाड्यांवर बिया आणि चोथा. आमच्या घरात आली ती मात्र लहान पाकोळी, म्हणजे किडे खाणारं छोटं वटवाघूळ होतं. ट्यूबभोवतीच्या किड्यांमागे गॅलरीतून आत शिरली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खोलीत पोथी वाचत बसल्या होत्या. त्या ओरडल्या तसे शेजारचे धावत आले, एकाच्या हातात झाडू, दुसऱ्याच्या हातात डास मारायची बॅट. मी सगळ्यांना बाहेर काढलं. पंख्यात सापडलेली किंवा झाडूखाली दाबलेली पाकोळी चावणारच. एरवी तिला फक्त बाहेर पडायचं असतं.

आईंना हॉलमध्ये बसवलं, पंखा आणि दिवा बंद केला, खोलीचं आतलं दार लावून घेतलं आणि गॅलरीचं दार सताड उघडलं. एवढ्यावर बहुतेक वेळा काम होतं. ही पठ्ठी मात्र पडद्याच्या दांडीला जाऊन लटकली. मग जाड हातमोजे घालून तिच्यावर चपलांचा रिकामा खोका धरला, मागून पुठ्ठा सरकवला आणि खाली जाऊन खोका अशोकाच्या खोडाला लावला. जमिनीवर ठेवू नका, बऱ्याच पाकोळ्यांना सपाट जागेवरून उडता येत नाही. खोड धरून ती वर सरकली आणि उडाली. तुम्हाला हे जमणार नसेल तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा, पण उघड्या हाताने धरू नका.

वर आल्यावर आईंचे हात, मान, पाय मी स्वतः नीट बघितले. कुठे टाचणीएवढीही खूण नव्हती. त्या सगळा वेळ जाग्या होत्या आणि अंगाला काही लागलं नाही हे ठामपणे सांगत होत्या. माझ्यासाठी विषय तिथेच संपला होता.

रात्री न्यू जर्सीहून धाकट्या दिरांचा फोन आला. आईला उद्याच्या उद्या लस आणि सीरम (रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्यं) दोन्ही द्या म्हणाले. मी समजावून सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या म्युनिसिपालिटीच्या अनुभवावर आईचा जीव टांगून ठेवू नका." हे वाक्य मी विसरलेले नाही.

भाऊजी जे सांगत होते ते तिकडे बरोबर आहे. अमेरिकेने 2007 मध्ये तिथल्या कुत्र्यांमधला रेबीज संपल्याचं जाहीर केलं. आता तिथे रेबीजने जी थोडी माणसं दगावतात त्यांतली बहुतेक वटवाघळांमुळे. त्याचे दात इतके बारीक असतात की खूण दिसेलच असं नाही, म्हणून झोपलेल्या माणसाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं तर तिथले डॉक्टर लसीचा विचार करतात. आपल्याकडे माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्याकडून येतो. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये वटवाघूळ चावल्यावर सरसकट लस सांगितलेली नाही, वेगळी परिस्थिती असेल तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने द्या असं आहे. जागतिक आरोग्य संघटना जास्त कडक आहे. ती वटवाघळाशी थेट संपर्क आला की कॅटेगरी तीन, म्हणजे सगळ्यात गंभीर गट धरते, त्यात लस आणि सीरम दोन्ही. पण आईंच्या बाबतीत संपर्कच आला नव्हता!

जगात दरवर्षी अंदाजे 59,000 माणसं रेबीजने मरतात आणि त्यांतली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आपल्या देशात. मी ड्युटीवर असताना एक तरणाताठा माणूस आणला होता. गल्लीतलं कुत्र्याचं पिल्लू चावलं होतं, घरच्यांनी जखमेवर हळद आणि चुना लावून सोडून दिलं होतं. पाण्याचा ग्लास पुढे केला की त्याचा घसा आवळायचा, पंख्याची झुळूकही सहन होत नव्हती. त्याला मुंबईला कस्तुरबा या साथरोगांच्या रुग्णालयात पाठवलं. त्याची बायको मला विचारत होती, "सिस्टर, आता इंजेक्शन दिलं तर चालेल का?" लक्षणं सुरू झाल्यावर काहीच चालत नाही. तेव्हापासून पिल्लाच्या ओरखड्याला कुणी "एवढंसं तर आहे" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

आणि नेमकं तसंच भाऊजी पुढे सुट्टीला आले तेव्हा म्हणाले. उपवन तलावावर पुतणी एका पिल्लाशी खेळत होती, त्याने तिच्या घोट्याला दात लावला, थोडं रक्त आलं. भाऊजी म्हणतात, "पिल्लूच आहे वहिनी, घरी जाऊन डेटॉल लावू." आईच्या अंगाला पाकोळी शिवलीही नव्हती तेव्हा एवढा आवाज चढवणारा माणूस पोटच्या मुलीचं रक्त बघून डेटॉल शोधत होता. मी तिचा पाय नळाखाली धरून साबणाने 15 मिनिटं धुतला आणि तशीच तिला रुग्णालयात घेऊन गेले. रक्त आलं होतं म्हणजे कॅटेगरी तीन, म्हणून जखमेत सीरमही दिलं. राहिलेले डोस तिकडे पूर्ण होईपर्यंत मी फोन करून करून विचारत राहिले. त्या वेळी मी बरोबर होते आणि आईंच्या वेळीही बरोबर होते, हे भाऊजींनी अजून तोंडाने कबूल केलेलं नाही.

आता तुमचा मुलगा. माझ्या सासूबाई जाग्या होत्या, तुमचा मुलगा झोपेत होता आणि चार वर्षांचं पोर नक्की काही सांगू शकत नाही. त्यामुळे आईंचा नियम त्याला लावू नका. आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या, उजेडात त्याचं अंग नीट बघू द्या आणि रात्री काय घडलं ते सगळं सांगा. खूण दिसली किंवा डॉक्टरांना शंका वाटली तर वाद न घालता लस सुरू करा. तुमच्यापैकी कुणी दारू किंवा झोपेची गोळी घेऊन झोपलं असेल, किंवा सकाळी ते हाताने उचललं असेल, तर तुम्हीही दाखवा. पोटात 14 इंजेक्शनं घ्यायचे दिवस कधीच गेले. आता दंडात देतात, लहान मुलांना मांडीत. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत कातडीत देतात, पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा), मग तिसऱ्या, सातव्या आणि 28 व्या दिवशी, आणि तिथे पैसे पडत नाहीत. कुणी "दहा दिवस वाट बघा" म्हणालं तर ऐकू नका, ते फक्त कुत्र्या-मांजराला लागू आहे आणि तिथेही लस आधी सुरू करायची असते.

खिडक्यांना जाळी बसवून घ्या. आणि केस पेपर काढाल तेव्हा मुलाला कधी सोसायटीतलं कुत्रं किंवा मांजर चावलं-ओरखडलं असेल आणि लस राहिली असेल, तर तेही सांगा, कितीही दिवस झाले असले तरी.