रानात सापडलेले जुने चर लष्करी आहेत की आणखी कसले, हे कसे ओळखावे?

तुम्ही विचारलंय की गोव्यात डिचोलीकडे, पुलाच्या वरच्या टेकडीला काजूंच्या मागे नागमोडी चर आहेत, कडेला मातीचा बांधही दिसतो, तर ते पोर्तुगीज सैनिकांचे मोर्चे, म्हणजे आडोशाने लढायला खणलेले चर, असतील का. असू शकतील. १८ डिसेंबर १९६१ ला, गोवामुक्तीच्या लढाईत, मागे हटताना पोर्तुगीज सैन्याने डिचोली, अस्नोडा इथले पूल उडवले होते, त्यामुळे पुलावर नजर ठेवणारी टेकडी मी तरी सहज सोडणार नाही.

पण आपल्याकडे आधी वनखातं आणि खाण वगळावी लागते. पाणी मुरवायला खणलेले समपातळी चर एकाखाली एक, सारख्या मापाचे आणि ठरावीक अंतरावर असतात. गुरं अडवणारा चर लागवडीची हद्द धरून जातो. खनिज शोधायला मारलेले चर बहुधा सरळ, आणि चिरेखाण, म्हणजे जांभ्या दगडाची खाण, चौकोनी, उभ्या कडांची.

सैनिकाच्या चराला नजर असते. काठावर बसा, मधली झाडं नाहीत असं समजा आणि समोर काय येतं ते पाहा: पूल, रस्त्याचं वळण, तारीची (होडीने नदी ओलांडायची) जागा? असे चर सहसा माथ्यावर नसतात, थोडे खाली असतात, म्हणजे उताराचा पायथा दिसतो आणि माणूस आभाळावर उठून दिसत नाही. वळणंही मुद्दाम दिलेली असतात. एका टोकाकडून आलेली गोळी किंवा आत फुटलेला गोळा सगळ्या चरभर मारा करू नये म्हणून. डोंगराच्या आकाराने आलेलं वळण वेगळं. सपाटीवरही चर मोडत मोडत गेला असेल तर माझा कौल मोर्च्याकडे. नुसत्या बाहेर टाकलेल्या मातीवरून मात्र ठरवू नका, कारण समपातळी चरातही ती उताराच्याच बाजूला टाकतात. शत्रूच्या बाजूला मोठा ढीग आणि पाठीमागे लहान, असं दोन्हीकडे दिसलं तर ती चांगली खूण.

बांधावर उगवलेलं जुनं झाड बांध निदान तेवढा तरी जुना आहे हे सांगतं. दगडात कोरलेला रुंद खंदक आणि आत तटबंदी असेल तर तो किल्ल्याचा, आग्वादला आहे तसा.

जानेवारी ते मार्चमध्ये, गवत वाळल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात जा. फोटोत मापाला काठी ठेवा, जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. खणू मात्र अजिबात नका. गंजलेलं काडतूस किंवा गोळा दिसला तर हात न लावता मागे फिरा, पोलिसांना बोलवा. आणि जागा म्हादई अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर आधी वनखात्याची परवानगी घ्या.