मुलगी एअर पिस्तूल शिकतेय. कोच ‘ग्रिप घट्ट धर’ म्हणतात, पण तिचा हात थरथरतो. काय करावं?

‘आवळून धर’ म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून लिहितोय.

मी नव्या पोरांना शिकवायचो त्या रेंजवर एक सीनियर कोच सगळ्यांना हेच सांगायचे. सातवीतली एक बारीक चणीची मुलगी होती. क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप मोठ्या पंजाची, हिचा तळवा एवढासा. ट्रिगरपर्यंत बोट पोचावं म्हणून ती पंजा बाजूला फिरवून धरायची. मग नळी आणि हात एका रेषेत राहत नसत, मनगट वाकायचं, आणि ते सावरायला ती आणखी आवळायची. मी क्लबला विचारून पाम शेल्फ, म्हणजे तळहाताच्या कडेखालची टेकू देणारी फळी, वर सरकवली, कानशीनं थोडं लाकूड उतरवलं, तळव्याच्या पोकळीशी एम-सील भरलं. थरथर बरीच कमी झाली. सीनियर मात्र पालकांसमोर मला म्हणाले, “हात घडवायचा असतो, हत्यार नाही.” साफ चूक. हाताच्या आकाराची ग्रिप स्पर्धेच्या नियमात बसते. चालत नाही तो मनगटाला दिलेला आधार.

ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम असावं लागतं. एवढ्यासाठी सगळी मूठ कशाला ताठ हवी? मधलं बोट आणि अनामिका सरळ मागे दाबतात, अंगठा आणि करंगळी नुसती टेकलेली, तर्जनी मोकळी. मनगट मात्र लॉक. स्पर्धेतले ६० शॉट संपेपर्यंत टिकेल एवढाच दाब, पण दरवेळी तोच. दाब बदलला की फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकाकडची माशी, हलते. ती मागच्या साइटच्या खाचेत १ मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर छर्रा जवळपास ३ सेंटीमीटर चुकतो, आणि टार्गेटच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ आहे ११.५ मिलिमीटरचं.

तिला डोळे मिटून हात उचलायला सांगा. उघडल्यावर फोरसाइट दरवेळी एकाच बाजूला दिसली तर पंजा ग्रिपमध्ये पुन्हा बसवा, मनगट वळवू नका. हे सगळं छर्रा न घालता, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर ठेवून.

अर्थात खांद्यात ताकद नसेल तरी हात थरथरतो, तेव्हा आधी होल्डिंग, म्हणजे पिस्तूल उचलून हात स्थिर धरायचा सराव, वाढवा. आणि क्लबच्या ग्रिपला परवानगीशिवाय कानस लावू नका.

ग्रिप बदलायला कोच नाहीच म्हणाले तर त्यांच्या स्वतःच्या पिस्तुलाची ग्रिप बघायला मागा. आमच्या सीनियरांच्या ग्रिपवर पुट्टीचे थर होते, मी हात लावून पाहिलेत.