शंभर रंगीत कोंबड्यांसाठी एफडी मोडावी का?

नमस्कार ताई,

नागपुरात मानेवाड्याच्या घरामागे तुमच्या बारा मिश्र जातीच्या कोंबड्या आहेत. आता तीन लाखांची एफडी मोडून शंभर कोंबड्यांचं शेड बांधायचं आणि १५ रुपयांना एक या भावाने अंडी विकायची, असा तुमचा बेत आहे. चांदीच्या ठिपक्यांची कबरी, तांबूस मानेची थोरली, काळ्या पिसांवर हिरवी झाक मारणारा कोंबडा, यांचं वर्णन पत्रात दोन पानं आहे आणि हिशोब अर्ध्या पानात उरकलाय. पण निर्णय त्याच अर्ध्या पानातल्या एका ओळीवर ठरतो: "कोंबडे कापायला देणार नाही."

मिश्र जातीच्या पिल्लांत नर-मादी निवडून मिळत नाहीत. शंभरात साधारण निम्मे नर निघणार. तुमच्या हिशोबात मात्र शंभरच्या शंभर अंडी देतात! पन्नास कोंबड्या आणि वर्षाला प्रत्येकी १२० अंडी (परसातल्या मिश्र कोंबडीला हा आकडा उदारच) धरली, तर ६,००० अंडी, म्हणजे ९०,००० रुपये. खाद्य मात्र शंभर चोचींना. रोज प्रत्येकी ११० ग्रॅम आणि तुम्ही लिहिलेला ३५ रुपये किलोचा भाव धरला, तर वर्षाचे सुमारे १,४०,००० होतात. दरवर्षी ५०,०००चा खड्डा, तोही औषधं, वीज आणि मरतूक न धरता. शिवाय पिल्लू अंड्यावर यायला पाच महिने लागतात. घरातलं उरलंसुरलं अन्न बारा जणींना पुरतं, शंभरांना नाही. कोंबडे विकले तर गणित जेमतेम जुळेल, पण नावं ठेवलेले कोंबडे विकायला मी तुम्हाला सांगणार नाही.

वनराजा किंवा गिरिराजसारख्या सुधारित जातींची पिल्लं आणली तर? अंड्यांचा अंदाज बरा बांधता येतो. पण पुढची पिढी घरीच वाढवली की ती आई-बापासारखी निघेल याची खात्री नाही. रंगही बदलतात, अंडीही. तुमच्या हौसेला हीच गंमत आहे, धंद्याला हीच अडचण.

मग नागपूरचा मे महिना. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. पारा ४५च्या आसपास गेला की पत्र्याच्या शेडात माना टाकायला वेळ लागत नाही. बारा जणींना झाडाची सावली, ओलं गोणपाट आणि गार पाणी पुरतं. शंभरांना उंच छत, पंखे, फवारे लागतात. बर्ड फ्लूचाही विचार करा: २०२४च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानेच गेले. कोंबड्यांत तो आढळला की बाधित ठिकाणाभोवतीच्या कोंबड्या मारल्या जातात. भरपाई मिळते, पण ती तुमच्या कबऱ्या कोंबडीची किंमत नव्हे.

(आणि हो, अंडी विकून आलेलं उत्पन्न शेतीचं मानलं जात नाही. ते करपात्र आहे.)

ही एफडी तुमच्या घरचा एकमेव राखीव निधी आहे असं तुम्हीच लिहिलंय. मुदतीआधी मोडलीत तर व्याजाचा दर घटतो, वर दंडही लागतो. ती तशीच राहू द्या.

बारा मात्र नक्की ठेवा. सध्याच्या भावाने त्यांचं खाद्य महिन्याला साधारण १,४०० रुपयांचं. आठ जणी अंड्यावर असतील तर ८० अंडी, म्हणजे १,२०० रुपये. २०० रुपयांत एवढा देखणा छंद स्वस्तच! त्याचा खर्च घरखर्चात 'हौस' म्हणून लिहा, गुंतवणुकीत नको. खुराडं मुंगूस आणि मांजर शिरणार नाही असं पक्कं करा, पण महिन्याच्या बचतीतून. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून घ्या. शहरात पाळताय, तेव्हा महापालिकेच्या झोन कार्यालयात नियमही विचारून ठेवा. नवीन पिल्लं हवीच असतील तर पावसाळा सरल्यावर दोन-चार आणा, त्यात एखादं उघड्या मानेचं असू द्या. दिसायला विचित्र, पण आपल्या उन्हात तेच जास्त तग धरतं.